गोल्डन प्रॉमिस, मालदांडी आणि पोराची बिअर



गेले चार महिने इथं काही लिहिलं नव्हतं. ज्वारीची रास करून मे महिन्यात आम्ही दोघं पोराकडं इंग्लंडला गेलो होतो, ब्रॅडफर्डला. हस्ताच्या आधी परत आलो, पेरणी उरकली, आता लिहायला बसलोय. विषय बिअरचा आहे. गळ्यात माळ असलेला माणूस बिअरवर काय लिहिणार, असं काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

गेल्यावर आठव्या दिवशी खुरपं शोधायला परसातल्या शेडमध्ये शिरलो. तिथं झाकण लावलेली मोठी पांढरी बादली, वर एक नळी, आतनं बुडबुड आवाज. वासावरनंच ओळखलं. माझा थोरला भाऊ दारूपायी गेला. तो जायच्या आधी दोन एकर रान गेलं, ते अजून दुसऱ्याच्या नावावर आहे. त्यानंतर मी माळ घातली. पोराला हे सगळं ठाऊक. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तोच जवळ येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, पीत नाही असं खोटं सांगणार नाही. शनिवारी एक पेला घेतो. तात्यांचं विसरलो नाही. पण तुमच्यापासनं लपवलं ते चुकलं."

मी म्हणालो, "पिण्याचं नंतर बघू. आधी सांग, बादलीत घातलंय काय?" शेतकऱ्याची खोड, दुसरं काय.

त्याच्या गावापासून जवळच कीथली नावाचं गाव आहे. तिथं टिमोथी टेलर हा बिअरचा कारखाना १८५८ पासून आहे. त्यांची 'लँडलॉर्ड' नावाची एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, पोराला आवडते. तसलीच घरी करून बघायची असा त्याचा नाद. तिकडं १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय असलं काही केलं तर गुन्हा. म्हणून हे वाचून कुणी करायला जाऊ नका. मला सांगायचंय ते वाणाचं आणि मोजमापाचं.

बिअर होते जवापासून, आपण सातू म्हणतो तो. तो भिजवायचा, मोड आणायचे, मोड लांबायच्या आत वाळवून भाजायचा. नाचणीचं सत्त्व आपण करतो तीच रीत. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. तो माल्ट भरडून ६६ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते. मग रस गाळून तासभर उकळायचा, त्यात हॉप्सची फुलं घालायची, थंड करून यीस्टचं विरजण लावायचं. हॉप्सचा वेल उंच तारांवर चढवतात आणि पपईसारखी नर-मादी झाडं वेगळी असतात. कडू चव आणि वास मादीच्या फुलाचा.

रस उकळायला लागल्यावर मला आमचं गुऱ्हाळच दिसायला लागलं. काहिलीवर मळी येते तसाच फेस वर आला. आपण मळी धरायला भेंडीचा चिकट रस घालतो, ते लोक आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ घालतात. काम तेच, रस निवळ करायचा. आणि गोडी मोजायला पोराकडं काचेची नळी होती, तो आपला लॅक्टोमीटरच. वीस वर्षं गावातलं दूध संकलन सांभाळलं, ती नळी मला शिकवावी लागली नाही.

पहिल्या खेपेची बिअर बिघडली. शेडचा पत्रा दुपारी तापायचा, त्यात यीस्ट काम करताना स्वतःची उष्णता सोडतं. वीस अंशाच्या आत ठेवायला हवी होती ती सव्वीसवर गेली. वास पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. शिवाय माल्ट दुकानात मिळाला तो घेतलेला, कुठल्या वाणाचा ते लिहिलेलंच नव्हतं.

तेव्हा मी विचारलं, "कारखानावाले कुठला वाण वापरतात?" पोरगा म्हणाला, "गोल्डन प्रॉमिस." ऐकून नवल वाटलं. बिअर पिणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या पोराला जवाच्या वाणाचं नाव पाठ!

या वाणाची कथा ऐकण्यासारखी आहे. मेथॉर्प नावाच्या जवावर गॅमा किरण सोडून १९६० च्या दशकात तो निघाला. ताट आखूड आणि ताठ, लोळत नाही, लवकर निघतो. आपल्या टॅग-२४ भुईमुगामागंही भाभा अणुसंशोधन केंद्राचं असंच किरणांचं काम आहे. स्कॉटलंडमध्ये एके काळी सगळीकडं गोल्डन प्रॉमिस होता. पण भुरीला लगेच बळी पडतो, आणि पुढं जास्त उताऱ्याचे वाण आले, तसा तो मागं पडला. तरी तो संपला नाही. चवीसाठी काही कारखाने नाव घेऊन तोच मागतात, म्हणून शेतकरी तो पेरतो.

दुसऱ्या खेपेला सव्वाचार किलो गोल्डन प्रॉमिस आणला, २३ लिटरसाठी. हॉप्स तीन जातीचे: फगल, गोल्डिंग्ज आणि स्टायरियन गोल्डिंग्ज. गंमत म्हणजे हा तिसरा नावानं गोल्डिंग्ज असला तरी मुळात फगलच, स्लोव्हेनियात वाढलेला. बियाण्याच्या पिशवीवरचं नाव आणि आतला वाण वेगळा, हे आपल्यालाही नवं नाही! बादली या वेळी जिन्याखाली गारव्याला ठेवली.

आता केळ्याचा वास गेला, पण पोरगा म्हणाला, "गोड लागतीय." नळीवर आकडा १.०४२ वरनं १.०१० पर्यंत उतरायला हवा होता, तो १.०१८ वर अडला. पोरगा यीस्टला दोष देत होता. मी म्हणालो, "आधी थर्मामीटर तपास." डेअरीत आम्ही दर महिन्याला तपासायचो. उकळत्या पाण्यात धरला तर ९४ दाखवला. म्हणजे तो ६६ म्हणत होता तेव्हा पाणी ७२ च्या आसपास होतं. तेवढ्या उष्णतेला एक एन्झाइम लवकर मरतो आणि यीस्टला न खाता येणारी साखर मागं उरते. वाण बरोबर, हॉप्स बरोबर, एक साधन खोटं बोललं आणि खेप गेली.

दोन्ही खेपांचा चोथा पोरगा कचऱ्यात टाकणार होता. मी शेजारच्या कोंबडीवाल्या बाईला दिला. ओला चोथा उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबतो, त्यामुळं ताजा असतानाच द्यायचा.

जुलैत तिसरी खेप, नव्या थर्मामीटरवर. यीस्टही वेस्ट यॉर्कशायरचं म्हणून मिळतं ते आणलं. नळी १.०१० वर थांबली. बाटल्या भरून तीन आठवडे ठेवल्या. मग पोरानं तीन पेले मांडले, दोन एकाचे आणि एक वेगळा, आणि मला म्हणाला, "वेगळा कुठला ते सांगा. नाक तुमचं, जीभ माझी." मी प्यालो नाही, नुसता वास घेतला. आधीच्या खेपांना मी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं होतं. या वेळी तीनदा पेले बदलले, एकदाच बरोबर आलं. तेवढं तर डोळे झाकून बोट ठेवलं तरी येतं. रंग मात्र आमचा जरा फिका होता.

परत आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतीय. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी उताऱ्याला फुले रेवतीच्या मागं पडते, वाऱ्यात लोळते. पण भाकरी आणि कडबा, दोन्हीत तिची बरोबरी नाही. तरीही माझी ज्वारी आडतीत गेली की दुसऱ्यांच्या ज्वारीच्या ढिगात पडते आणि तिचं नाव तिथंच संपतं. तिकडं पिणाऱ्याला वाणाचं नाव माहीत, म्हणून वाण टिकला. इथं खाणाऱ्यापर्यंत नावच जात नाही.

म्हणून यंदा ठरवलंय. दहा पोती ज्वारी आडतीत घालायची नाही. तीस-तीस किलोच्या पिशव्या करायच्या, वर वाण, गाव, रानाचा गट नंबर आणि वर्ष लिहायचं, आणि सोलापूर-पुण्यातल्या ओळखीच्या घरांना द्यायच्या. भाव जास्त मिळेल का, हे मार्चमध्ये इथंच सांगेन. तोटा झाला तरी सांगेन.

पोराच्या पिण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, ते त्याला तोंडावर सांगून आलोय. पण आता दर रविवारी फोनवर तो बादलीचं तापमान सांगतो आणि मी रानातली ओल सांगतो. आधी एवढं बोलणं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी वाणाचं नाव टाकून धान्य थेट विकत असेल तर अनुभव लिहा. आणि फवारणीचा पीएच मीटर, वजनकाटा, थर्मामीटर, जे काही घरात असेल, ते एकदा तपासून घ्या.

राम कृष्ण हरी.