आकाशातील टकटक

समुद्रपूर या नावात समुद्र असला, तरी वर्धा जिल्ह्यातील आमच्या या गावापासून खरा समुद्र शेकडो कोस दूर. दूरदेशीचे जग आमच्यापर्यंत येई ते रेडिओच्या लघुलहरींवरून. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही सिलोनची गाणी ऐकत असू, आणि रात्री काटा हलक्या हाताने फिरवीत व्हॅटिकनची लॅटिन रोझरी शोधीत असू. धर्मगुरू आमच्याकडे क्वचितच येत. अंथरुणाला खिळलेल्या आजीला त्या क्षीण स्वरांचाच आधार होता.

त्या स्वरांवर अधूनमधून एक टकटक येऊन बसे. सेकंदाला दहा ठोके. प्रार्थनेचे शब्द बुडून जात आणि आजीचा हात मण्यावर थबके. आम्ही एरियलची तार उंच बांधली, तरी ठोके थांबले नाहीत.

तो आवाज सोव्हिएत संघाच्या 'दुगा' या लष्करी रडारचा होता, हे पुष्कळ उशिरा वाचनात आले. जुलै १९७६ पासून तो जगभर ऐकू येऊ लागला आणि त्याला 'रशियन सुतारपक्षी' असे नाव पडले. परतीच्या लहरी टिपणारा त्याचा सुमारे १५० मीटर उंचीचा अँटेना चेर्नोबिलजवळ आहे.

साध्या रडारला पृथ्वीच्या गोलाईआडचे दिसत नाही. लघुलहरी मात्र वातावरणातील उंच विद्युत्भारित थरावरून परतून क्षितिजापलीकडे उतरतात. या गुणामुळेच १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन केंद्रावरून, पोप अकरावे पायस यांची वाणी दूरच्या खंडांत पोहोचली. शत्रूच्या क्षेपणास्त्रांचे उड्डाण हजारो किलोमीटरवरून हेरण्यासाठी 'दुगा'नेही तोच मार्ग धरला. एकाच वाटेने प्रार्थनाही येई आणि पहाराही. मात्र पहाऱ्याचा आवाज फार मोठा होता.

१९८९च्या अखेरीस ती टकटक थांबली. आजी त्यापूर्वीच देवाघरी गेली होती. पुढे २०१९ साली रशियाने 'कंटेनर' हे याच जातीचे नवे रडार कामाला लावले. इतर राष्ट्रांचीही अशी रडारे आहेत आणि हौशी रेडिओचालकांच्या तक्रारी चालूच आहेत.

राष्ट्रांना आपल्या रक्षणाची काळजी असावी, हे आम्हांला मान्य आहे. परंतु आकाशाचा तो थर कोणा एकाच्या मालकीचा नाही. भयापोटी कोणी तो व्यापतो, तेव्हा ज्यांचे त्या भांडणाशी काहीच नाते नसते, अशा कितीतरी घरांतील प्रार्थना अर्ध्यावर तुटते. आणि त्यांची दाद घ्यायला कोणी नसते.