दादरा सुटलेल्या बरण्या

आमच्या पिढीच्या घरात चिनी मातीची बरणी कुणी जमवलेली नव्हती, ती असायचीच. वर तपकिरी, खाली पिवळसर पांढरी, फडताळाच्या तळच्या अंधाऱ्या कप्प्यात. आज तीच बरणी दिवाणखान्यात दिमाखात उभी असते आणि तिच्यात सुकवलेलं गवत खोचलेलं असतं. तेव्हा तिची किंमत आत काय मुरतंय यावर ठरायची. आता मुंबईच्या चोरबाजारात ती तिच्या वयावर ठरते.

मे महिना आला की बरणी बाहेर निघे. धुऊन कडकडीत उन्हात वाळवायची, कारण ओलाव्याचा थेंब राहिला तरी लोणच्यावर बुरशी यायची. मग निखाऱ्यावर हिंगाची चिमूट आणि त्यावर बरणी उपडी. धूर आत कोंडला की घरभर वास पसरे. फोडी भरून, त्या बुडतील इतकं तेल ओतून, झाकणावर धुवट पंच्याचा दादरा बांधला की आई हुश्श करायची. आंबट-खारट पदार्थ पितळेत कळकतो. चिनी मातीवरच्या झिलईला त्याचं काही होत नाही. काही जुन्या बरण्यांची झिलई तर मिठाचीच. भट्टी १२०० अंशांच्या आसपास तापली की तीत मीठ टाकत. त्याच्या वाफेतला सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून काचेसारखा थर धरी.

आता लोणच्याची बाटली दुकानातून येते आणि संपली की दुसरी येते. बुरशीची धास्ती नाही, उन्हाची वाट पाहणं नाही. हे बरंच झालं. भरलेली जड बरणी आई एकटी उचलायची. तिच्या हातची चव आम्हाला आठवते. तिची पाठदुखी आठवायला मात्र वेळ लागतो.

आणि त्या बरणीला सगळ्यांचे हात चालत नसत. लोणचं नासतं म्हणून पाळीच्या दिवसांत घरच्याच मुलीला मज्जाव असे. कपबश्यांचा फुलांचा सेट पाहुण्यांसाठी राखीव. कामाला येणाऱ्या बाईंचा कान तुटलेला कप मोरीच्या कोनाड्यात वेगळा. आज त्या सेटमधली उरलेली बशी आपण काचेच्या कपाटात मांडतो. तो वेगळा कप कुणीच जपला नाही.

बाजारात बरणी घेताना आजी टिचकी मारायची. खणखणीत नाद आला तर घ्यायची. आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर आहे, हे समजून पुढच्या बरणीकडे वळायची. आजचा संग्राहकही टिचकी मारतो, मग बरणी उलटी करून तळाचा शिक्का बघतो. कान दोघांचे तेवढेच तिखट. पण आजी जन्मभर वापरायची म्हणून ऐकायची, आपण न वापरता ठेवायची म्हणून ऐकतो. मला हुरहूर लागते ती याची.

तरी जमवणाऱ्यांचे उपकार आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. घरातली वस्तूही इतिहास सांगते, हे त्यांच्यामुळे आपल्याला दिसलं.

म्हणून जुनी बरणी घरी आणलीत तर तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणत्या गावची, कुणी भरायचं, काय मुरायचं, कुणाला शिवायची बंदी होती. झिलई तडकलेली नसेल तर एखाद्या मे महिन्यात तिला हिंगाची धुरी द्या आणि चार कैऱ्या घाला. दादरा घरातल्या मुलीला बांधू द्या. आणि तो कान तुटलेला कप कुठे सापडलाच, तर पाहुण्यांच्या सेटशेजारी मांडा, कुणाचा होता ते नावानिशी लिहून.