शनिवार सकाळचं मेम्फिस

आज पुन्हा १९७९ ची टुपेलोची व्यावसायिक कुस्तीची लढत लावली. जेरी लॉलर आणि बिल डंडी एका बाजूला, वेन फॅरिस आणि लॅरी लेथम दुसऱ्या. निकाल लागल्यावरही चौघे थांबत नाहीत. मारामारी थेट खाण्यापिण्याच्या स्टॉलमध्ये शिरते, मस्टर्डच्या बरण्या उडतात. कॅमेरा मागून धावतो, हलतो, आणि त्या हलण्यामुळेच सगळं खरं वाटतं. निकाल आधी ठरलेला असतो, ठाऊक आहे मला. पण घाम काही ठरवून येत नाही.

माझा जीव मात्र अडकलाय समालोचक लान्स रसेल यांच्या आवाजात. तेव्हा मेम्फिसच्या चॅनेल पाचवरून दर शनिवारी सकाळी दीड तास कुस्तीचं थेट प्रक्षेपण असायचं; शेजारी डेव्ह ब्राउन, त्याच वाहिनीवर हवामान सांगणारे. रसेल किंचाळत नाहीत. खलनायक टेबलाशी येऊन बरळू लागला, की घरातल्या वडीलधाऱ्यासारखं त्याला दटावतात. या कार्यक्रमाचं मुख्य काम होतं मिड-साउथ कोलिझियममधल्या सोमवारी रात्रीच्या लढतींची तिकिटं खपवणं. म्हणून प्रत्येक भांडण ऐन रंगात तोडलेलं. केवढं कसब आहे हे!

तिथलीच ५ एप्रिल १९८२ ची, विनोदवीर अँडी कॉफमनची लॉलरशी झालेली लढत सगळ्यांना माहीत आहे. प्रतिस्पर्ध्याला डोक्यावर आपटणाऱ्या पाइलड्रायव्हर या डावावर बंदी होती, तो मारल्यामुळे लॉलर बाद ठरला. त्या लढतीपेक्षा मला कॉफमनच्या चित्रफिती मोठ्या वाटतात. त्यांत तो मेम्फिसच्या लोकांना साबण म्हणजे काय ते शिकवतो. गावाचा एवढा पाणउतारा झाल्यावर सोमवारी घरी कोण बसेल?