पूर्णेच्या काठाकाठाने

पूर्णा सातपुड्यात, बैतुल जिल्ह्यात उगम पावते आणि डोंगर उतरून चांदूर बाजार तालुक्यात येते. नदीचा निवांत प्रवास म्हटला की नाव आठवते. इंग्लंडमध्ये जेमतेम ७ फूट रुंदीच्या लांबोड्या नावा माणसाच्या चालीने जातात. तिथल्या नद्याकालव्यांचे पाणी दारे लावून बारमाही एका पातळीत ठेवलेले असते. पूर्णेला अशी शिस्त ठाऊक नाही. पुरात हिच्यावर नाव घालायची छाती होत नाही, आणि वैशाखात नाव तरंगेल एवढे पाणी राहत नाही. तेव्हा हिचा प्रवास काठानेच करायचा, आणि शक्यतो पायी.

विश्रोळीच्या धरणात ती अडते. खाली ब्राह्मणवाडा थडी लागते. गावाच्या नावातच थडी, म्हणजे काठ. मग देऊरवाडा. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाने इथे हात धुतले, म्हणून हे करशुद्धी तीर्थ. पुराणांतली पयोष्णी ती हीच, असे मानतात. आसेगावाने तर नदीचे नावच आपल्यापुढे लावून घेतले आहे: आसेगाव पूर्णा.

ऋणमोचनाला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. पौषातल्या रविवारी इथे यात्रा भरते. यात्रेकरूंची चिखलातली घसरगुंडी पाहून गाडगेबाबांनी १९०८ च्या सुमारास इथे घाट बांधवला. कपाशीच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्या मुलखात तीर्थाला ऋणमोचन म्हणणाऱ्याला माणसांची पारख होती, एवढे खरे.

यापुढे खारपाणपट्टा. इथे नदीच्या दोन्ही अंगांना जमीन काळीभोर, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. हे पाणी पिकाला दिले की माती चिकट होते, वाळली की दगडासारखी होते आणि वर मिठाची पांढरी साय धरते. म्हणून शेतकरी ओलिताच्या नादी लागत नाही. पावसाची ओल हीच माती महिनोन्‌महिने धरून ठेवते, आणि त्या ओलीवर हरभरा येतो. काठावर राहून पिण्याचे पाणी मात्र लांबून नळाने आणावे लागते.

लाखपुरीच्या बाजूला मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वे पूर्णा ओलांडत असे. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी ७६ किलोमीटरला चार तास घेई. वऱ्हाडातली संथ नाव म्हणायची तर तीच.

दर्यापूरवरून आलेली चंद्रभागा पोटात घेऊन पूर्णा अकोला जिल्ह्यात गांधीग्रामला पोचते. श्रावणात कावडधारी इथे तांब्याची भरणी भरतात आणि अनवाणी, रात्रभर चालून अकोल्याच्या राजराजेश्वराला तेच पाणी घालतात. नदी इथून पश्चिमेला वळते, तिचे पाणी मात्र दक्षिणेला, माणसांच्या खांद्यावरून जाते.

बुलडाणा जिल्हा मागे टाकून जळगाव जिल्ह्यात, चांगदेवला, पूर्णा तापीला मिळते. हतनूर धरणाचा फुगवटा इथवर असल्याने पाणी रुंद आणि संथ आहे. मच्छीमारांचे डोंगे इथे दिसतात. पूर्णेवर निवांत नावेत बसायचे असेल, तर चांदूर बाजारच्या माणसाने थेट चांगदेव गाठावे.