मध्यम तेल, पंधरा पौंड आणि पॉप्स

बोलिंग म्हटलं की आपल्याला आधी बुमराच आठवणार, त्यात तुमची काही चूक नाही. पण मी सध्या राहतो त्या मिलवॉकीत बोलिंग म्हणजे दहा पिना आणि एक जड बॉल. अमेरिकन बोलिंग काँग्रेसचं मुख्यालय कित्येक दशकं याच भागात होतं. इथे मंगळवार संध्याकाळची लीग हा आपल्याकडच्या भजनी मंडळाइतका गंभीर प्रकार आहे. उशीर झाला तर लोक तोंडाने काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

मॉलमध्ये वाढदिवसाला बोलिंग केलेल्या मंडळींना एक गोष्ट सहसा माहीत नसते. (मलाही इथे येईपर्यंत नव्हती.) लेनवर तेल असतं! फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. त्यातल्या पहिल्या ४० फुटांच्या आसपास एक मशीन खनिज तेलाचा पातळ थर देतं. पुढचे २० फूट कोरडे. शिवाय नेहमीच्या 'हाउस शॉट'मध्ये मध्ये तेल जास्त आणि कडेला कमी. मध्यम तेलाची लेन म्हणजे एका लेनवर साधारण २०-२५ मिलीलिटर. चहाचे पाच चमचे म्हणा. आपल्याकडे भाजीच्या फोडणीला याहून जास्त जातं. :)

पण सगळा खेळ या पाच चमच्यांचा आहे. बॉल तेलावर आधी नुसता घसरतो, मग पकड मिळाली की वळतो आणि शेवटी सरळ गडगडत जातो. वळायचं कशाला? तर सरळ टाकलेला बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या 'पॉकेट'मध्ये जेमतेम दीड-दोन अंशांत शिरतो, पिनांना धडकून बाजूला फेकला जातो आणि मधली पाचवी पीन तशीच उभी राहते. सहा अंशांच्या आसपास शिरला तर तो आत घुसतो. हे सहा अंश मिळवण्यासाठी लोक बॉलवर दोनदोनशे डॉलर घालवतात.

तसे मीही घातले. १५ पौंडांचा, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा, न चकाकणारा 'सॉलिड' बॉल, २००० ग्रिटने घासलेला. या रेझिनला सूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल पितात, त्यामुळे पकड चांगली मिळते. पहिल्या दोन मंगळवारी माझा स्कोअर बरा झाला आणि आमच्या टीममधल्या पॉप्सनी मला गाठलं.

पॉप्स म्हणजे निवृत्त पोस्टमन. वय ७१. मिलवॉकीच्या बर्फात तीसेक वर्षं दारोदार पत्रं टाकून दोन्ही गुडघे गेलेले. दोन वर्षांत त्यांचा अ‍ॅव्हरेज १६८ वरून १४८ वर आला होता. "पोरा, हा बॉल मी घेऊ का? तू इंजिनिअर आहेस, नीट बघून सांग." आणि मग जरा थांबून, "यानेही जमलं नाही तर पुढच्या सीझनला नाव देणार नाही."

आता आली का पंचाईत! पेन्शनीतले दोनशे डॉलर तर होतेच. पण बायको गेल्यापासून हा माणूस आठवड्यातून एकदाच चार लोकांत बसतो, तो या लीगमध्ये. "मस्त आहे, घ्या" म्हणणं सोपं होतं. पण माझ्या हातून बॉल मस्त पडतो, याने त्यांना काय कळणार? आपल्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात.

माझा बॉल त्यांच्या हातात देऊनही उपयोग नव्हता, कारण बोटांची भोकं ज्याच्या त्याच्या मापाची असतात. मग मी आधी फरक मोजला. दोघांच्या बॉलला पांढरी चिकटपट्टी लावली, फोनवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं आणि फेरे मोजले. दोघांचेही मिनिटाला अडीचशेच्या आसपास! मनगट अजून शाबूत होतं त्यांचं. फरक होता वेगात. माझा ताशी १७ मैल, त्यांचा साडेबारा. आता साधं गणित करा. ६० फूट जायला माझ्या बॉलला लागतात २.४ सेकंद, त्यांच्या बॉलला ३.३. जवळजवळ एक सेकंद जास्त. तेवढा वेळ घर्षणाला जास्त मिळतो.

शनिवारी सकाळी लेनला नुकतंच तेल दिल्यावर गेलो. आधी माझ्या वेगाने २० बॉल. दहाव्या बोर्डावरून सोडला, आठव्यापर्यंत बाहेर गेला, ४० फुटांच्या जवळपास वळला. पॉकेट १५ वेळा, स्ट्राइक ९. तक्रारीला जागाच नाही.

मग शेजारच्या लेनवर, जिथलं तेल अजून कोणी पुसलं नव्हतं, तिथे पॉप्सच्या वेगाने. मुद्दाम हळू टाकणं वाटतं तितकं सोपं नाही, स्क्रीनवर वेग बघून साडेतेराच्या वरचे सगळे बाद केले. २० पैकी १४ धरण्यासारखे निघाले. पहिले काही ३० फुटांवरच वळायला लागले आणि पहिली पीन ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले. मी पाच बोर्ड डावीकडे सरकलो. मग पॉकेट मिळायला लागलं, एकूण ९ वेळा. स्ट्राइक मात्र फक्त ३.

याचं कारण दहाव्या पिनेपाशी दिसत होतं. पॉकेट जोरकस लागूनही दहावी कधीकधी राहते, तेव्हा सहावी पीन उडून तिच्या मानेला वळसा घालून जाते. ते नशीब. इथे सहावी तिच्यापुढे गटारात लोळत पडत होती. म्हणजे बॉल वाटेतच सगळं वळण खर्चून बसला होता आणि पिनांपाशी पोचताना थकलेला होता. खूप तेल असेल तिथे हाच बॉल हळू टाकणाऱ्याला तारेल. मध्यम तेलावर तो त्यांच्यासाठी फार लवकर जागा होतो. आणि खेळ पुढे सरकतो तसं वाटेवरचं तेल उडत जातं, म्हणजे तिसऱ्या गेमला हाल आणखी वाईट.

मंगळवारी त्यांना कागद दाखवला. "पॉप्स, बॉल चांगला आहे. तुमच्यासाठी नाही." ते आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे गुडघ्यांची भरपाई बॉल करत नाही तर."

काय बोलणार? करत नाहीच.

पण त्या कागदावर आणखी एक गोष्ट होती. हळू बॉलला हवा असतो उशिरा जागा होणारा बॉल, म्हणजे चकचकीत पृष्ठभागाचा 'पर्ल'. आणि तसा एक त्यांच्याच बॅगेत होता, कित्येक वर्षं तेल पिऊन मेल्यासारखा झालेला. प्रो शॉपवाल्याने तो गरम करून तेल काढलं, घासला आणि पॉलिश केला. दोनशेच्या मानाने खर्च किरकोळ. पुढचे सहा मंगळवार मी त्यांचा प्रत्येक बॉल लिहून ठेवला. अ‍ॅव्हरेज १५६. यात बॉलचा वाटा किती आणि कोणीतरी आपला प्रत्येक बॉल लिहितोय याचा किती, ते वेगळं काढता येत नाही. सहा आठवड्यांच्या आकड्यांवर मी ऑफिसात काही सिद्ध करायला गेलो तर मॅनेजर हाकलून देईल.

१६८ परत येणार नाहीत, हे त्यांना कळलंय. तरी पुढच्या सीझनच्या यादीत नाव दिलंय, माझ्या वरच, वाकड्यातिकड्या अक्षरात.

असो. तुम्ही बॉल घ्यायच्या विचारात असाल तर रिव्ह्यू जरूर वाचा, पण आधी तो लिहिणारा किती वेगाने टाकतो ते बघा.