गरम कॉइलची साक्ष

यंत्रातले काही दोष तपासणाऱ्यासमोर गुमान उभे राहतात, तर काही साक्ष फिरवतात. इग्निशन कॉइलचा दोष या दुसऱ्या जातीचा आहे. इंजिन तापले की ती दगा देते; गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यावी, तोवर ती निवते आणि चारचौघांत निर्दोष ठरते. पुरावा नाहीसा झाल्यावर निवाडा कसा करायचा, या प्रश्नामुळे मला या क्षुल्लक वाटणाऱ्या भागाविषयी कुतूहल वाटत आले आहे.

सुझुकी कॅरी, होंडा ॲक्टी, दाइहात्सु हायजेट हे जपानचे छोटे मालट्रक. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी आयात करता येते, म्हणून तिथले हौशी लोक आणि शेतकरी ते आवर्जून मागवतात. न्हावाशेवा बंदर पनवेलच्या उंबरठ्यावर असूनही आपल्याकडे असे जुने ट्रक उतरत नाहीत. आयातीचे नियम आड येतात. मात्र त्याच कुळातली एक गाडी १९८४ साली आपल्याकडे आली. ती म्हणजे कॅरीवर बेतलेली मारुती व्हॅन, पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेलेली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या काही ओम्नी भाजीची पोती आणि दुधाच्या कॅनांसह अजून तग धरून आहेत.

कॉइल म्हणजे एकाच लोखंडी गाभ्यावरची दोन वेटोळी. एक जाड तारेचे, काही शे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बॅटरीच्या १२ व्होल्टांतून प्लगपाशी हजारो व्होल्टांची ठिणगी उडते. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाला एकच कॉइल सेकंदाला १०० ठिणग्या पुरवते. म्हणून एकच सिलिंडर मिस मारत असेल तर संशय प्लगवर किंवा त्याच्या वायरवर घ्यावा; कॉइल बिघडली तर तिन्ही सिलिंडर सारखेच भोगतात.

पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढणाऱ्या जुन्या गाडीची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. चढावर इंजिन बंद पडते. ड्रायव्हर अर्धा तास सावलीत बसतो आणि मग गाडी सुरू होते. तो म्हणतो, कॉइल गेली. पण पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरली तरी नेमके हेच घडते. थांबणे हा दोन्हींवरचा उतारा असल्यामुळे थांबण्याने काहीच सिद्ध होत नाही. गाडी बंद पडली त्याच क्षणी ठिणगी आहे की नाही, एवढे पाहिले तर निम्मा वाद मिटतो.

पळस्पे फाट्याजवळच्या एका गॅरेजात हे मी प्रत्यक्ष पाहिले. ड्रायव्हर कोणाच्या तरी सल्ल्यावरून नवी कॉइल विकत घेऊनच आला होता.

"काका, एवढी कॉइल टाका नि मोकळं करा. भाडं खोळंबलंय."

"टाकतो रे. पण जुनी गेलीय, हे तुला कोणी सांगितलं?"

वायरमनकाकांनी आधी मीटर लावला. दोन्ही वेटोळी ठीक होती. त्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, कारण गाडी गार होती. सीट खाली पाडून इंजिन चालू ठेवले. चाळीसेक मिनिटांनी ते गचके खात बंद पडले. आता प्लगपाशी करंट नव्हता (ठिणगीला गॅरेजात करंटच म्हणतात). मग कॉइल दोषी? काकांनी तिच्या ऋण टोकाला टेस्टरचा दिवा लावला आणि पोराला स्टार्टर मारायला सांगितले. पॉइंट उघडमीट करत असतील तर हा दिवा लुकलुकायला हवा. तो पेटलाच नाही. त्यांनी कंडेन्सरची वायर सोडवली, आणि दिवा लुकलुकू लागला. पॉइंट शाबूत होते, पहिल्या वेटोळ्यातून वीज येत होती. तापल्यावर आतल्या आत शॉर्ट होणारा बोटभर कंडेन्सर सगळी वीज बॉडीला पोचवत होता. कॉइलच्या मानाने त्याची किंमत नगण्य. नवा बसवून, पुन्हा इंजिन तापवून, त्यांनी खात्री करून घेतली.

खरोखर गेलेली कॉइल बदलतानाही पाहण्यासारखे असते. पॉइंटच्या गाडीला भलत्याच रोधाची कॉइल बसवली तर जास्त प्रवाह ओढून ती पॉइंट जाळते; धन-ऋण वायरींची अदलाबदल झाली तर गाडी चालते, पण ठिणगी दुबळी होते. शिवाय तापलेल्या तांब्याचा रोध मुळातच वाढतो. ३० अंशांवरून ९० वर गेला तर जवळपास पावपट. गार कॉइलचे आकडे समोर धरून गरम कॉइलला सजा देणे हाही अन्यायच. दोष ज्या परिस्थितीत प्रकटतो ती परिस्थिती पुन्हा उभी करायची आणि मगच बोलायचे, हे पथ्य आपल्या टीकाव्यवहारातही फारसे पाळले जात नाही.

ड्रायव्हर न उघडलेली कॉइल दुकानात परत करणार होता, म्हणून खुशीत होता. काकांनी मजुरी सांगितली तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला. "एवढ्याशा कंडेन्सरचे एवढे?" त्याहून कितीतरी महाग कॉइल त्याने घासाघीस न करता घेतली होती. वस्तूला किंमत असते हे आपल्याला पटते. वस्तू लागणार नाही हे शोधून काढणाऱ्याच्या दीड तासाला किंमत असते, हे पटायला जड जाते. म्हणूनच न तपासता भाग बदलणारी गॅरेजे चालतात, कारण त्यांच्या बिलावर दाखवायला काहीतरी असते. काकांनी वीस रुपये सोडले आणि पुढच्या गाडीची सीट उचलली.