आयर्विन पूल आणि पाच टिंबे

मोर्स लिपीचा सारा हिशेब मात्रांचा आहे. टिंबाची एक मात्रा, रेघेच्या तीन. अक्षरातल्या खुणांमध्ये एका मात्रेची विश्रांती, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. टिंबे-रेघा कागदावर पाठ करणारा शिकाऊ लवकरच अडतो. तो मोजत बसतो तोवर पुढचे अक्षर निघून गेलेले असते. मोर्स कानानेच शिकावे लागते. मिरजेचा सतारमेकर जवारी लावताना तारेची कंपने मोजत नाही, नाद ओळखतो, तसे.

ज्यांना मोर्सची गरज होती ते एकेक करून दूर झाले. 1999 मध्ये जहाजांच्या संकटसंदेशांतून मोर्स गेले. जुलै 2013 मध्ये भारतातली तारसेवा थांबली. तारयंत्राचे कडकट्ट त्याआधीच मुके झाले होते. खेड्यात तार म्हणजे बहुधा अशुभ, त्यामुळे त्याची हळहळ सातारा-सांगलीकडे फारशी कुणाला वाटली नसावी. हौशी रेडिओसाठीची मोर्सची सक्ती 2003 च्या जिनिव्हातील जागतिक रेडिओ परिषदेने ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडली. अमेरिकेने 2007 मध्ये ती काढून टाकली. भारताने मधला मार्ग धरला: रिस्ट्रिक्टेड परवान्याला मोर्स नको, जनरलला मिनिटाला 8 शब्दांची परीक्षा.

सक्ती सैल झाली तरी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली, मंडळी मोर्सची की (संदेश बडवण्याची कळ) सोडत नाहीत, याला भौतिक कारण आहे. बोलण्याला सुमारे 2400 हर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास पुरते. तेवढीच शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटली की ती गोंगाटाच्या वर डोके काढते, आणि 5 वॅटचा संच शेकडो किलोमीटरवर ऐकू जातो. सह्याद्रीच्या कुशीत याला वजन आहे. दोन मीटर बँडचा हँडसेट कोयनेच्या खोऱ्यात डोंगराआड मुका होतो. 7 मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र दिवसा जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परतून डोंगरापलीकडे उतरतात. वळवाच्या दिवसांत 7 मेगाहर्ट्झवर विजांची खरखर फार असते. त्या खरखरीत शब्द बुडतात, एकसुरी नाद तगतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांवर गेली होती. महापुरात वीज जाते, मग मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या संपतात, आणि नेमका तेव्हाच वरच्या धरणांच्या विसर्गाचा आकडा खाली पोचायला हवा असतो; तो मग रेडिओवरून सांगावा लागतो. खरखरीत ‘पंचेचाळीस’चा पहिला तुकडा गळाला की ऐकणाऱ्याच्या हाती ‘चाळीस’ उरतो. म्हणून शिस्तीचा ऑपरेटर ‘चार पाच’ असे सुटे बोलतो. मोर्समध्ये ही शिस्त मुळातच आहे: 5 म्हणजे पाच टिंबे, शून्य म्हणजे पाच रेघा. यांत गल्लत होणे अवघड. परीक्षेच्या संथ वेगानेही 45 साडेतीन सेकंदांत जातो. स्पर्धांमध्ये वेळ वाचवायला शून्याऐवजी एकच रेघ देण्याची रीत आहे. पुराच्या संदेशात ती टाळलेली बरी.

तरीही मोर्सविना बचावकार्य अडेल असे म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. नावेतल्या स्वयंसेवकाला हँडसेटवर बोलताच आले पाहिजे; की बडवायला त्याच्याकडे मोकळे हात नसतात. क्षीण संकेत पकडण्यातही 2017 मध्ये आलेली एफटी8 ही संगणकी पद्धत मोर्सच्या पुढे आहे. मात्र तिला संगणक लागतो, बिनचूक घड्याळ लागते, आणि तिचे संदेश ठरावीक साच्याचे, पंधरा-पंधरा सेकंदांच्या खेपांतून जाणारे. मोर्सचा प्रेषक एक क्रिस्टल, दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि हाताने गुंडाळलेली कॉइल एवढ्यात बसतो, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला तो सुट्टीत घरीच जोडता येतो. संदेश उलगडणारे यंत्र त्याला वेगळे लागत नाही. ते काम कान करतो. तो कान तयार व्हायला मात्र संच जोडण्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस लागतात.